वर्षाला मोकळीक, दिवसाला कोंडी

शिक्षकी पेशा स्त्रीला, त्यातही आई झालेल्या स्त्रीला, सर्वांत सोयीचा असतो, ही समजूत मराठी मध्यमवर्गात इतकी खोल रुजलेली आहे की, मुलीला डी.एड. किंवा बी.एड.ला प्रवेश घेऊन देताना अथवा स्थळ जुळवताना या समजुतीचा वेगळा उच्चार करण्याचीही गरज भासत नाही. उन्हाळ्याची व दिवाळीची सुट्टी, दिवस मावळायच्या आत घरी परतणे, स्वतःच्या मुलांच्या वेळांशी जुळणारे वेळापत्रक आणि समाजातील मान, अशी चार कारणे या समजुतीच्या पुष्ट्यर्थ दिली जातात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ या शाळाविषयक माहितीसंकलनानुसार २०२४-२५ मध्ये देशातील शालेय शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या वर गेली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे देशातील निम्म्याहून जास्त वर्ग आज स्त्रियांच्या हाती आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया नोकरीच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर लहान मुलांच्या माता असतात. त्यामुळे ही सोय नेमकी कशी आहे, ती कोणाला मिळते आणि तिची किंमत कोण चुकवते, हे प्रश्न एखाद्या घरापुरते मर्यादित न राहता शिक्षणव्यवस्थेचेच प्रश्न ठरतात. उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा विचार केला असता असे दिसते की, हा पेशा आईला वर्षाच्या हिशेबात मोकळीक देतो, परंतु दिवसाच्या हिशेबात तिची कोंडी करतो. आणि या मोकळिकीचा किती वाटा पदरात पडेल, हे तिच्या कसोशीवर कमी आणि नेमणुकीचा प्रकार व शाळेचे अंतर यांवर अधिक अवलंबून असते.

पूर्वपीठिका

आई आणि शिक्षिका या दोन भूमिका एकमेकींना पूरक आहेत, हा विचार मुळात फार जुना नाही. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेमकी उलट धारणा प्रचलित होती. विवाह होताच शिक्षिकेची नोकरी संपुष्टात आणणारे निर्बंध ब्रिटनमध्ये अनेक स्थानिक शिक्षण मंडळांनी लागू केले होते आणि ते १९४४ च्या शिक्षण कायद्याने दूर झाले. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या शिक्षण मंडळाचा नियम तर असा होता की, गर्भवती शिक्षिकेने प्रसूतीच्या पाच महिने आधीपासून बिनपगारी रजेवर जावे आणि मूल तीन महिन्यांचे होईपर्यंत कामावर परतू नये. हा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षिकेचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला, कारण येथील पहिल्या शिक्षिका या पेशाकडे सोयीसाठी वळल्या नव्हत्या, तर समाजाचा रोष पत्करून आल्या होत्या. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात अध्यापन सुरू केले आणि पुढे काशीबाई या विधवेच्या मुलाला दत्तक घेऊन, यशवंत हे नाव देऊन वाढवले. पंडिता रमाबाई यांना १८८२ मध्ये वैधव्य आले, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती. तिला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले, मात्र या धडपडीत मनोरमाला काही काळ इंग्लंडमधील ख्रिस्ती जोगिणींच्या सांभाळात ठेवावे लागले. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची जबाबदारी सांभाळली आणि पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले, तेही मुलीचे संगोपन एकटीने करत असताना. या तिन्ही उदाहरणांत एक समान धागा दिसतो, तो असा की, मातृत्व आणि अध्यापन यांचा मेळ केवळ वैयक्तिक चिकाटीच्या बळावर बसला नाही. त्यासाठी आश्रम, सदन किंवा संस्था यांचे पाठबळ लागले आणि जेथे ते नव्हते, तेथे आई व मूल यांची ताटातूट झाली.

मराठवाड्यात ही परंपरा उशिरा पोहोचली. निजामी राजवटीत १९१५ मध्ये सुरू झालेल्या सरस्वती भुवन संस्थेसारखे प्रयत्न सोडले, तर मराठी माध्यमातील शिक्षणाचा विस्तार १९४८ च्या मुक्तीनंतरच झपाट्याने झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले; या दोन घटनांनंतर शिकलेल्या स्त्रियांना उपलब्ध झालेल्या पगारी कामांत शिक्षिकेची नोकरी अग्रभागी राहिली. घराण्याच्या प्रतिष्ठेला बाध न आणता बाहेर पडता येईल अशी ती वाट होती आणि ‘सोयीचा पेशा’ ही कल्पना बहुतांशी या काळाची देणगी आहे.

घड्याळ आणि दिनदर्शिका

कामाच्या वेळेचा विचार दोन पातळ्यांवर करावा लागतो. एक पातळी वर्षाची, म्हणजे किती दिवस काम आणि किती दिवस सुट्टी. दुसरी पातळी दिवसाची, म्हणजे कामाच्या तासांत गरज पडल्यास पाव तास बाजूला काढता येतो की नाही. पहिल्या पातळीवर शिक्षिका निःसंशय सुदैवी आहे. दुसऱ्या पातळीवर मात्र तिची स्थिती बँकेतील किंवा तहसील कचेरीतील कर्मचारी स्त्रीपेक्षाही अवघड असते, कारण टेबलावरची फाइल अर्धा तास थांबू शकते, परंतु चाळीस मुलांचा वर्ग थांबू शकत नाही. घंटा झाल्यावर वर्गात उभे राहणे हेच ज्या कामाचे स्वरूप आहे, तेथे मुलाला ताप आल्याचा फोन, लसीकरणाची तारीख किंवा तान्ह्या बाळाला पाजण्याची वेळ या गोष्टी वेळापत्रकात कोठेही बसत नाहीत. प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसाला स्तनपानासाठी दोन विराम देऊ केलेले आहेत. पण शाळेजवळ बाळ ठेवण्याची जागाच नसेल आणि त्या वेळी वर्ग सांभाळणारे दुसरे कोणी नसेल, तर ही तरतूद कागदावरच राहते. नोबेल पारितोषिकप्राप्त अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी स्त्रियांच्या मिळकतीचा अभ्यास करताना दाखवून दिले आहे की, कामाची वेळ स्वतःला हवी तशी वाकवता येणे हीच मातांच्या दृष्टीने कळीची बाब असते आणि तिच्यापायी त्यांना अनेकदा कमी वेतन पत्करावे लागते. शिक्षिकेला वर्षभराचे दिवस वाकवून मिळतात, दिवसाचे तास मिळत नाहीत.

शाळा सुटल्यावर काम संपते, हीदेखील अर्धीच खरी गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेले असून त्यात पाठाच्या तयारीचा वेळही समाविष्ट आहे, म्हणजे शिकवण्यापलीकडच्या कामाची दखल खुद्द कायद्याने घेतली आहे. वह्या तपासणे, मूल्यमापनाच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराचा हिशेब आणि त्याच कायद्याने शिक्षकांना सांगता येतात अशी जनगणना व निवडणुकीची कामे यांचा मोठा भाग घरी किंवा सुट्टीच्या दिवशी पार पाडला जातो. त्याच वेळी घरात दुसरे काम वाट पाहत असते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार स्त्रीच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ हे नाव दिले. भारताच्या २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी होणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करते, तर सहभागी होणारा पुरुष ८८ मिनिटे. शिक्षिकेच्या बाबतीत दोन्ही पाळ्यांचे स्वरूपही सारखेच असते, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना संयमाने समजावून सांगणे आणि संध्याकाळी तेच स्वतःच्या मुलाच्या बाबतीत करणे हे दोन्ही भावनिक श्रमच आहेत. भावनिक श्रम म्हणजे स्वतःचा थकवा किंवा वैताग आवरून समोरच्यासाठी विशिष्ट भाव धारण करण्याचे काम, जे कोणत्याही हजेरीपटावर नोंदले जात नाही.

रजेचा हक्क आणि रजेची अडचण

प्रसूती रजेच्या हक्काचा इतिहास मुंबई प्रांतापासून सुरू होतो. कारखान्यातील स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात आर्थिक साहाय्य देणारा देशातील पहिला कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये झाला आणि त्या विधेयकावरील १९२८ च्या चर्चेत डॉ. आंबेडकर यांनी विधिमंडळात त्याचे समर्थन करताना, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याने हा भार मुख्यतः शासनाने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. पुढे १९६१ चा केंद्रीय प्रसूती लाभ कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक करण्यात आले; या तरतुदींचा समावेश नंतर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत करण्यात आला. पन्नास कर्मचाऱ्यांची ही अट जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेच्या वाटेला कधीच येत नाही, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा २००९ मध्ये १८० दिवसांची केली. त्यानंतर २०१८ मध्ये बाल संगोपन रजा लागू झाली, जिच्यानुसार मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी, संपूर्ण सेवेत १८० दिवसांची पगारी रजा घेता येते. आजारपण, परीक्षा किंवा मुलाची अन्य निकड ही तिची कारणे असू शकतात आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही तिचा लाभ मिळतो. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रियांना अशीच रजा २००८ पासून ७३० दिवसांपर्यंत मिळत आली आहे. राज्याच्या आदेशात पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा पत्नी हयात नसल्यास किंवा ती असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असल्यासच देऊ केलेली आहे. म्हणजे आई असमर्थ ठरल्याशिवाय बापाने मूल सांभाळण्याचा प्रसंग येत नाही, असे गृहीतक शासनाच्या भाषेतच दडलेले आहे.

हक्क मान्य झाल्यावरही रजा घेणे सोपे होत नाही, याचे कारण शाळेच्या रचनेत आहे. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षिका सहा महिन्यांच्या रजेवर गेली आणि बदली शिक्षक मिळाला नाही, तर चार-पाच इयत्ता एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतात आणि जोडवर्ग, म्हणजे एकाहून अधिक इयत्तांना एकत्र बसवून शिकवणे, एवढाच मार्ग उरतो. याचा भार सहकाऱ्यांवर पडत असल्याने आणि नुकसान विद्यार्थ्यांचे होत असल्याने, वास्तविक व्यवस्थेची असलेली उणीव शिक्षिकेच्या बाळंतपणाच्या नावावर जमा होते आणि हक्काची रजा घेताना तिला मेहेरबानी स्वीकारल्यासारखे वाटू लागते. शिवाय शिक्षक हे दीर्घ सुट्टी असलेल्या विभागाचे कर्मचारी मानले जातात, त्यामुळे त्यांना अर्जित रजा इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे साठवता येत नाही. परिणामी मूल जुलैत आजारी पडले, तर मे महिन्याची सुट्टी त्या वेळी कामी येत नाही.

अप-डाउनचे गणित

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या प्रश्नाला अंतराचे परिमाण आहे. फुलंब्री आणि खुलताबाद ही तालुक्याची गावे शहरापासून तासाभराच्या आत गाठता येतात. पैठण आणि गंगापूर त्याहून दूर आहेत. कन्नड, सिल्लोड, वैजापूर साठ किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावर आहेत आणि सोयगाव तर अजिंठ्याच्या घाटाखाली आहे. प्रत्यक्ष शाळा तालुक्याच्या गावापासून आणखी आत असते. अनेक शिक्षक-शिक्षिका शहरात राहून रोज ये-जा करतात, ज्याला सर्वत्र ‘अप-डाउन’ असेच म्हटले जाते. हर्सूल, नगर नाका किंवा पैठण रस्त्यावरून चार-पाच जणींनी मिळून महिन्याच्या बोलीवर ठरवलेली गाडी किंवा एसटी हे त्याचे साधन असते. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की, याच प्रवासासाठी पहाटे घर सोडावे लागते, आणि मूल झोपेत असतानाच ते आजीच्या, शेजारणीच्या किंवा पाळणाघराच्या हवाली करावे लागते.

याच जिल्ह्यातून २०२२ मध्ये राज्यभर गाजलेला वाद उभा राहिला. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत, शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नसतानाही घरभाडे भत्ता घेतात, असा मुद्दा लावून धरला. त्यावर शिक्षक संघटनांनी सप्टेंबरमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मोठा मोर्चा काढला. मुख्यालयी राहणारा शिक्षक गावाशी जोडला जातो आणि शाळेला अधिक वेळ देतो, या म्हणण्यात तथ्य आहे. खेड्यात राहण्याजोगी घरे, दवाखाना आणि मुलांच्या पुढील शिक्षणाची सोय नाही, हे संघटनांचे म्हणणेही खोटे नव्हते. परंतु या वादात दोन्ही बाजूंनी ‘शिक्षक’ हा एकच घटक धरला गेला. तीन वर्षांच्या मुलाची आई आणि मुले मोठी झालेला शिक्षक यांच्यासाठी मुख्यालयाचा अर्थ सारखा नसतो, कारण आईने गावी मुक्काम हलवला तर नवऱ्याची नोकरी, सासू-सासऱ्यांचा आधार आणि मुलाची शाळा शहरात मागे राहते, आणि तिने शहरात राहायचे ठरवले तर रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर जातात.

बदली धोरणाने या अडचणीची काही अंशी दखल घेतली आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्यांची पद्धत २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्यात पती-पत्नीच्या नेमणुकांमधील अंतर तीस किलोमीटरहून अधिक असल्यास ‘विशेष संवर्ग दोन’ खाली एकत्रीकरणाची संधी ठेवण्यात आली, तर विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ‘संवर्ग एक’ मध्ये अग्रक्रम देण्यात आला. महिलांसाठी प्रतिकूल ठरणारी गावे वेगळी नोंदवण्याचीही सोय झाली. मात्र तान्ह्या किंवा शाळापूर्व वयाच्या मुलाची आई हा स्वतंत्र निकष तिच्यात नव्हता, त्यामुळे विवाहाची नोंद झाली, पण मातृत्वाची झाली नाही, असेच म्हणावे लागते.

एकच काम, तीन नेमणुका

आतापर्यंतचे विवेचन कायम नोकरी असलेल्या शिक्षिकेला लागू पडते. तिच्याखेरीज आणखी दोन वर्ग शहरात मोठ्या संख्येने आहेत. पहिला, विनाअनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित शाळांतील शिक्षिकांचा. खासगी शाळांतील सेवाशर्ती १९७७ च्या राज्य कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने ठरवून दिलेल्या असून त्यांत रजांची तरतूद आहे. तथापि नेमणूक दर जूनमध्ये नव्याने करून एप्रिलमध्ये थांबवण्याची रीत जेथे आहे, तेथे गर्भवती शिक्षिकेला काढून टाकण्याची गरजच पडत नाही, पुढच्या जूनला तिला बोलावले नाही की काम भागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. त्यामुळे कामगार न्यायालयाचा रस्ता बंद होऊन शाळा न्यायाधिकरणाचा उरतो आणि तिथवर जाण्याची ऐपत व धाडस थोड्याच जणींकडे असते. या शाळा घराजवळ असतात, मुलाला फीमध्ये सवलत मिळू शकते आणि आई व मूल एकाच बसने येतात-जातात, एवढ्यासाठी अनेक बी.एड. झालेल्या स्त्रिया तुटपुंजे वेतन स्वीकारतात.

दुसरा वर्ग महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील प्राध्यापिकांचा आहे. तासिका तत्त्व म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या तासांपुरतेच मानधन. न घेतलेल्या तासाला मोबदला नाही, मग कारण बाळंतपण असले तरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना संशोधनकाळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सूट दिली आहे, परंतु पदवी हाती आल्यावर मिळणाऱ्या तासिकेच्या कामात मात्र तेवढेही संरक्षण नाही. न्यायालयांचा कल या बाबतीत उदार राहिला आहे: दिल्ली महापालिकेतील रोजंदारीवरच्या स्त्रियांना प्रसूती लाभ देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला, आणि कंत्राटाची मुदत संपली तरी देय लाभ पूर्ण द्यावा लागेल, असे २०२३ मध्ये स्पष्ट केले. हा कल जूनच्या नेमणूकपत्रात उतरायचा आहे.

कायम शिक्षिकांपुढेही अलीकडे नवे ओझे आले आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी असा निर्णय दिला की, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे. गुणवत्तेच्या दृष्टीने या अटीचे समर्थन करता येईल; पण नोकरी टिकवण्यासाठीचा अभ्यास कोणत्या तासांत करायचा, हा प्रश्न दहावीतील मुलाच्या आईला जितका बोचतो, तितका इतरांना बोचत नाही.

संस्थेने उचलायचा भार

यावरचे उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडणारी ‘विकासवाडी’ साकारली होती. जी रचना विद्यार्थ्यांसाठी यशस्वी ठरली, तीच शिक्षिकांनाही उपयोगी पडू शकते. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे, आणि अनेक अंगणवाड्या जिल्हा परिषद शाळांच्या आवारातच भरतात. जेथे आसपासच्या दहा-बारा शाळा एका केंद्रशाळेभोवती गुंफलेल्या आहेत, तेथे त्या केंद्रशाळेच्या आवारात असे पाळणाघर उभे राहिले, तर शिक्षिकेबरोबर गावातील शेतमजूर स्त्रीचीही सोय होईल.

त्याच केंद्राच्या पातळीवर रजा राखीव शिक्षक, म्हणजे दीर्घ रजेच्या काळात वर्ग सांभाळण्यासाठीच नेमलेला शिक्षक, ठेवणे हा दुसरा उपाय होय. त्यामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान टळेल आणि रजेला चिकटलेला संकोचही दूर होईल. शाळापूर्व वयाच्या मुलाच्या आईसाठी बदलीत मर्यादित काळाचा अग्रक्रम, वडिलांनाही विनाअट बाल संगोपन रजा आणि नेमणूक कोणत्याही प्रकारची असली तरी प्रसूतीकाळातील मानधनाची हमी, या तीन बाबी शासन निर्णयांनी साध्य होण्यासारख्या आहेत. यांचा खर्च शासनाने उचलावा की संस्थांनी, हा वाद होईल. पण आज तो खर्च होतच नाही असे नाही, तो आजीच्या म्हातारपणातून, शिक्षिकेच्या झोपेतून आणि जोडवर्गात बसलेल्या मुलांच्या शिक्षणातून वसूल होत असतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये हा भार कोणाचा, हा प्रश्न गिरणीतील स्त्रीच्या संदर्भात उपस्थित केला होता. शाळेतील स्त्रीच्या संदर्भात त्याचे उत्तर देताना शासन येथे केवळ नियामक नाही, तर जिल्हा परिषदेच्या रूपाने स्वतःच मालकही आहे, त्यामुळे सुरुवात कोणी करायची याबद्दल संदेहाला जागा राहत नाही.